नाक्सोसच्या होरा गावात कसं पोचावं: अथेन्सहून विमान की बोट?

सुईदोरा
ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रीसला जायचं ठरतंय. सँटोरिनीची गर्दी टाळून आठवडाभर नाक्सोस बेटावर, तिथल्या होरा या बंदराच्या गावात राहायचं आहे. बरोबर सत्तरीतले आईबाबा आणि आठ वर्षांची मुलगी.

६ ऑगस्टला दुपारी एकला अथेन्सला उतरू. १४ तारखेला संध्याकाळी सहाला परतीचं विमान. अथेन्स-नाक्सोस विमान ४०-४५ मिनिटांत पोचवतं, बोटीला साडेपाच तास. आईबाबांचा विचार करता जाता-येता विमानच घ्यावं आणि १४ ला सकाळच्या विमानाने अथेन्सला येऊन तिथूनच घरी, असं डोक्यात आहे. जाणकारांनी तपासून द्यावं.

रानवारा
विमानच घ्या. आईबाबा आहेत बरोबर, प्रश्नच नाही.

अथेन्सकर
रानवारा, नाक्सोसच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही. तिथली धावपट्टी फक्त ९०० मीटर आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. जेट विमान उतरूच शकत नाही. चाळीस-पन्नास आसनांची पंख्याची विमानं चालतात, आणि ऑगस्टमधल्या जागा खूप आधी संपतात.

दुसरी अडचण वजनाची. हवा तापली की ती विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि उड्डाणाला जास्त लांबी लागते. ती लांबी तर नाहीच. मग वजन उतरवावं लागतं, आणि आधी उतरतं ते सामान. तुम्ही पुढे, बॅग मागच्या विमानाने. आईबाबांची रोजची औषधं मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत ती यासाठीच.

तिसरी अडचण आडव्या वाऱ्याची. उन्हाळी वारा जोरात असला की छोटं विमान उतरू शकत नाही आणि अथेन्सला परत फिरतं.

सुईदोराताई, तुमच्या बेतातली सगळ्यात कच्ची जागा १४ तारखेची सकाळ आहे. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय तिकीट वेगवेगळं काढलं असेल, तर पहिलं विमान चुकल्यावर दुसरी कंपनी तुमच्यासाठी काहीच करायला बांधील नाही. चार जणांचं मुंबईचं तिकीट ऐन हंगामात नव्याने काढायची वेळ येईल. विमान असो वा बोट, बेट सोडायचा दिवस आणि देश सोडायचा दिवस एक नको.

खलाशी_७२
वरच्या शेवटच्या वाक्याला +१००.

आता बोटीबद्दल. 'बोट' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गेटवेची लाँच येते. पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या मुख्य बंदरातून, नाक्सोसला जाणारं मोठं जहाज हे भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोचं कितीतरी मोठं भावंड समजा. खाली ट्रक-गाड्यांचा मजला, वर बैठकीचे मजले, उपाहारगृह, उघडा डेक आणि हव्या असल्यास केबिन. गाड्यांच्या मजल्यावरून वर जायला सरकता जिना असतो, लिफ्टही असते. सत्तरीच्या माणसाला साडेपाच तास इथे बसणं, पाय मोकळे करणं, स्वच्छतागृहात जाणं हे छोट्या विमानाच्या शिडीपेक्षा सोपं जातं.

दोन जाती नीट ओळखा:

मोठं जहाज: सव्वापाच-साडेपाच तास. वर्षभर चालतं. वाटेत पारोस बेटाला थांबतं, काही फेऱ्यांना सिरोस बेटालाही.

वेगवान कॅटामरान (दोन समांतर सांगाड्यांची बोट): साडेतीन-चार तास. बहुतेक एप्रिल ते ऑक्टोबर. तिकीट दीडपट किंवा त्याहून जास्त. विमानासारख्या खुर्च्या, डेकवर मोकळं फिरायला जागा फार थोडी किंवा नाहीच. लाट उठली की जास्त आपटते आणि वारा वाढला की आधी हीच रद्द होते.

दीड तास वाचवण्यासाठी या दोन्ही गोष्टी पत्करू नयेत, निदान ऑगस्टमध्ये तरी.

कोथिंबीर
पिरेअसला विमानतळावरून कसं जायचं? टॅक्सी?

अथेन्सकर
मेट्रो. निळी ३ नंबरची लाइन ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळावरून थेट पिरेअसपर्यंत जाते, गाडी बदलावी लागत नाही. तासभर लागतो, भाडं ९ युरो. विमानतळावरून साधारण ३६ मिनिटांनी एक गाडी, त्यामुळे एक चुकली तर अर्धा तास धरा. रात्री मेट्रो बंद असते तेव्हा एक्स९६ बस आहे, चोवीस तास, साडेपाच युरो. पण ती ग्लिफादाकडून किनाऱ्याने वळसा घेत जाते, दीड तास तरी धरावा.

मेट्रोत सिंतग्मा आणि मोनास्तिराकी स्टेशनांच्या आसपास पाकीटमारांपासून सांभाळा. दार बंद होताना मुद्दाम रेटारेटी करतात आणि तेवढ्यात हात साफ. पासपोर्ट शर्टाच्या आत.

पिरेअस स्टेशनातून बाहेर आलात की रस्त्यावरून पादचारी पूल आहे. तो उतरला की समोर ई६-ई७ ही फाटकं. नाक्सोसची मोठी जहाजं बहुधा इथूनच सुटतात. पिरेअस बंदर प्रचंड आहे, फाटकं ई१ ते ई१२. ई१, ई२ पार दुसऱ्या टोकाला, चालत जायच्या भानगडीत पडू नका, बंदराच्या आतून मोफत बस फिरते. फाटक ऐनवेळी बदलू शकतं, म्हणून त्या दिवशी सकाळी तिकिटावरचं आणि कंपनीच्या संदेशातलं दोन्ही पाहा.

खलाशी_७२
फाटकावर सुटण्याच्या किमान ४५ मिनिटं आधी, तुमच्यासारख्या कुटुंबाने तासभर आधी. ग्रीक जहाजं वेळेवर सुटतात, आणि दरवाजा उचलायला लागले की कितीही हात हलवा, थांबत नाहीत.

तिकीट आता फोनवर, क्यूआर कोडसह. पण वेब चेक-इन केल्याशिवाय तो कोड उपयोगाचा नाही, ती पायरी लोक विसरतात. नावं पासपोर्टप्रमाणे घाला. ५ ते १० वर्षांच्या मुलांना मोठ्या जहाजावर अर्धं तिकीट असतं. चार वर्षांपर्यंत फुकट, पण शून्य किमतीचं तिकीट काढावंच लागतं, कारण जहाजावरच्या प्रत्येक माणसाची नोंद बंदर खात्याकडे जाते.

आईबाबांसाठी साधं डेकचं तिकीट घेऊ नका. त्यात आसन नक्की नसतं, सीझनला लोक जिन्यावरही बसतात. थोडे युरो जास्त देऊन नंबराची खुर्ची घ्या. एखाद्याला आडवं व्हायचं असेल तर दिवसाही केबिन मिळते. व्हीलचेअर किंवा मदत हवी असेल तर ४८ तास आधी कळवायचं. युरोपीय नियमानुसार ती मदत मोफत आहे, जहाजावर आणि विमानतळावरही.

रानवारा
आडव्या वाऱ्याचं वाचलं. पण ऑगस्टमध्ये तिथे पाऊस नाही, ढग नाही, मग समुद्र खवळतो कशाने?

मृगनक्षत्र
हा माझा आवडीचा विषय, आणि याचं मूळ चक्क आपल्याकडे आहे.

उन्हाळ्यात आपला उपखंड तापतो आणि कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो. आपल्याला मोसमी पाऊस मिळतो तो याच्यामुळे. या पट्ट्याची शेपटी पश्चिमेकडे इराण ओलांडून पार तुर्कस्तानच्या पठारापर्यंत पोचते. त्याच वेळी बाल्कन देशांवर जास्त दाब असतो. मधे सापडतो तो एजियन समुद्र. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते आणि एजियनवर उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. हाच मेल्तेमी. जुलै-ऑगस्टमध्ये याचा जोर सगळ्यात जास्त. आपल्याकडे ज्या दिवसांत नैर्ऋत्य वारा ढग घेऊन येतो, त्याच दिवसांत तिथे उत्तरेचा कोरडा वारा आभाळ लख्ख करून ठेवतो.

म्हणून लोक फसतात. निळं आकाश, कडक ऊन आणि समुद्रावर सगळीकडे पांढरा फेस. कपडे वाळत घालायला झकास दिवस, बोटीसाठी नाही.

साधारण नियम: वारा उन्हं वर आली की वाढतो, दुपारी जोरात असतो, रात्री थोडा बसतो. एकदा सुरू झाला की तीन-चार दिवस राहतो. तेव्हा सकाळची बोट केव्हाही बरी.

कोथिंबीर
मृगनक्षत्र, हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

खलाशी_७२
याला जोडून तो एक ग्रीक शब्द पाठ करून ठेवा: आपागोरेफ्तिको. जहाजांना सुटायची बंदी. हवामान खात्याच्या अंदाजावरून तटरक्षक दल ती घालतं. ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर बोफोर्टमध्ये सांगतात: ६ म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर, ७ म्हणजे ५० ते ६१, ८ म्हणजे ६२ ते ७४. छोट्या वेगवान बोटी सहा-सातलाच थांबू शकतात, मोठी जहाजं साधारण आठ-नऊला. जहाजाचा आकार, प्रकार आणि तो समुद्राचा पट्टा पाहून ठरतं. म्हणजे कॅटामरान बंद आणि मोठं जहाज चालू, असे दिवस मेल्तेमीत बरेच येतात. वर मोठ्या जहाजाचा आग्रह धरला तो याचसाठी.

पिंपळपान
हल्ली जरा वारा सुटला की बंदी, असं वाचलंय. पर्यटकांचे बेत कोलमडतात, हॉटेलचे पैसे बुडतात. एवढी मोठी जहाजं काय बुडतात का?

खलाशी_७२
बुडली आहेत. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री 'एक्सप्रेस सामिना' हे जहाज जोरदार वाऱ्यात पारोस बंदराच्या तोंडाशी पोर्तेस नावाच्या खडकांवर आदळलं आणि बुडालं. ८० च्या वर माणसं गेली. पारोस म्हणजे सुईदोराताईंच्या जहाजाचा नाक्सोसच्या आधीचाच थांबा. त्यानंतर तिथे नियम आणि तपासणी कडक झाली. सगळा दोष वाऱ्याचा नव्हता, जहाज चालवणाऱ्यांचा निष्काळजीपणा मोठा होता. पण ते पाहिलेल्या माणसांनी सावधपणे बंदी घातली तर त्यांना नावं ठेवू नयेत. आपल्याकडेही पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असते, त्याची कोणी तक्रार करत नाही.

पिंपळपान
हे ठाऊक नव्हतं. शब्द मागे घेतो. पण मग रद्द झालं तर पैसे तरी परत मिळतात का?

कलम_पोटकलम
युरोपीय संघाचा ११७७/२०१० हा नियम जहाजांसाठी आहे. फेरी रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर निवड तुमची: पूर्ण पैसे परत, किंवा जादा पैसे न देता पुढच्या शक्य त्या फेरीने प्रवास. हवामानामुळे रद्द झालं तरी हा हक्क राहतो. मिळत नाही ते काय? हवामान कारण असेल तर हॉटेलचा खर्च आणि वरची भरपाई. हवामानाचा संबंध नसताना पोचायला उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के मागता येतात. चार ते आठ तासांच्या प्रवासाला किमान दोन तास उशीर झालेला हवा, आणि चार तासांच्या पुढे गेला तर ५० टक्के.

एक सावधगिरी. रद्दचा संदेश आल्या आल्या घाईने 'परतावा' दाबू नका. बंदी उठली की साचलेले प्रवासी आणि त्या दिवसाचे प्रवासी एकाच जहाजावर येतात. आधी पुढच्या फेरीत जागा पक्की करा, परताव्याचं मग बघा. बंदी रात्री उठली तर जहाज मध्यरात्रीही सुटतं, फोन चालू ठेवा.

संपाचंही लक्षात असू द्या. ग्रीक खलाशांच्या संघटना संप करतात, पण आधी जाहीर करून. १ मेच्या आसपास जाणाऱ्यांनी तर नक्कीच तपासावं.

हिरवी_वेलची
बोट लागण्याचं काय? आजी-आजोबा आणि छोटी, तिघांनाही त्रास होऊ शकतो.

वैद्यबुवा
१. जागा जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर. नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, आणि वरच्या मजल्यावर हेलकावा सर्वात जास्त.
२. गोळी त्रास सुरू झाल्यावर नाही, सुटण्याच्या तासभर आधी. सत्तरीच्या माणसांना या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.
३. उपाशी ठेवू नका, तुडुंबही नको. कोरडं खाणं, आल्याची वडी, आवळा सुपारी.
४. मुलीच्या हातात फोन किंवा पुस्तक नको. तिला क्षितिज दाखवत ठेवा.

खलाशी_७२
यात एक भर. पिरेअस सोडल्यावर पहिला दीड-एक तास जहाज अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या भोवतालच्या प्रदेशाच्या, किनाऱ्याच्या आडोशाने जातं, पाणी शांत असतं आणि सगळ्यांना वाटतं काहीच नाही. डावीकडे सुनिओचं टोक येतं, वर पोसायडनच्या देवळाचे खांब दिसतात. ते मागे पडलं की आडोसा संपतो आणि उत्तरेचा वारा डाव्या अंगाने येऊन भिडतो. चहा-नाश्ता आणि स्वच्छतागृह हे सगळं सुनिओच्या आधी उरकायचं.

रानवारा
राफिना बंदराबद्दल कोणी बोललं नाही. ते विमानतळाला जवळ आहे ना?

अथेन्सकर
बरोबर आठवण केलीत. राफिना पूर्व किनाऱ्यावर आहे, विमानतळावरून बसने ४० मिनिटांच्या आसपास. बंदर छोटं, सुटसुटीत. पण तिथल्या बोटी मुख्यतः आंद्रोस-तिनोस-मिकोनोस या बेटांच्या वाटेच्या. नाक्सोसपर्यंत जाणाऱ्या कमी, त्यातल्या बऱ्याच वेगवान. शिवाय १५ ऑगस्ट हा मेरीमातेचा सण, ग्रीसचा उन्हाळ्यातला सर्वात मोठा. तिनोसच्या यात्रेला सगळा देश लोटतो, आणि त्या आधीच्या दिवसांत राफिनाला पाय ठेवायला जागा नसते. यांच्या तारखांना राफिना नकोच.

युरोपातून येणाऱ्यांसाठी तिसरी वाट आहे. मिकोनोस किंवा सँटोरिनीला लंडन, मिलान अशा शहरांतून थेट विमानं उतरतात. तिथून नाक्सोस बोटीने तासा-दोन तासांवर. फक्त सँटोरिनीचं अथिनिओस बंदर कड्याच्या पायथ्याशी आहे, खाली जायला एकच नागमोडी रस्ता, आणि बोटीच्या वेळेला तो तुंबतो.

सुईदोरा
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. विमानाचा हट्ट सोडला. आता ६ ला दुपारी एकला उतरून संध्याकाळी साडेपाचची बोट धरावी का? आणि जहाजातून उतरताना, सामान घेताना काय काळजी घ्यायची?

अथेन्सकर
कागदावर जमतं. सव्वादोनपर्यंत बाहेर, पावणेतीनची मेट्रो, पावणेचारला पिरेअस. पण पारपत्र तपासणीची रांग लांबली किंवा मुंबईहूनच दोन तास उशीर झाला की गेलं. आणि जमलं तरी नाक्सोसला पोचायला रात्रीचे अकरा. ६ ला पिरेअसमध्येच स्टेशनच्या जवळ मुक्काम करा आणि ७ ला सकाळी साडेसातच्या सुमाराची बोट घ्या, दुपारी पाऊणएकच्या आसपास पोचाल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्धं अथेन्स बेटांवर निघतं, जातानाचं तिकीट आजच काढा.

खलाशी_७२
उतरण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात.

चढताना मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावरच ठेवायच्या. कडेला लोखंडी रॅक असतात आणि त्यावर बेटांची नावं: पारोस, नाक्सोस, सँटोरिनी. नाक्सोसच्या रॅकवरच ठेवा. वाटेत हा मजला बंद असतो, खाली जाता येत नाही. पासपोर्ट, औषधं, स्वेटर, पाणी हे सगळं वर नेण्याच्या पिशवीत हवं.

नाक्सोसच्या आधी पारोस येतं आणि घाईत तिथेच उतरणारे निघतात. घोषणा आधी ग्रीकमध्ये, मग इंग्रजीत होते. 'नाक्सोस' ऐकू आल्याशिवाय उठू नका, आणि ऐकल्यावर बसून राहू नका. जहाज धक्क्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतं.

खाली उतरलात की अंधारा मजला, डिझेलचा वास, ट्रकांची इंजिनं सुरू झालेली. जहाज पुढे नांगर टाकून पाठमोरं धक्क्याकडे सरकतं. नांगराच्या साखळीचा खडखडाट पायांखाली जाणवतो. मागचा पत्रा, म्हणजे उतरायचा दरवाजा, जहाज अजून सरकत असतानाच खाली यायला लागतो, आधी उजेडाची एक फट, मग पाण्याचा पांढरा खळखळाट, मग धक्का. लोक पुढे रेटतात. आईबाबांना कडेला रॅकपाशी उभं करा, मुलीचा हात सोडू नका, पहिला लोंढा जाऊ द्या. पत्र्याच्या जोडाशी चाकाची बॅग अडकते, तिथे उचलून घ्या. उतरल्यावर पायी चालणाऱ्यांच्या बाजूनेच चाला, मागून ट्रक येतात.

अथेन्सकर
आणि उतरल्या उतरल्या डावीकडे पाहा. बंदराच्या तोंडाशी पालातिया नावाच्या छोट्या टेकाडावर संगमरवराची एकटी चौकट उभी आहे, पोर्तारा. अपोलोच्या देवळाचं दार, इ. स. पूर्व ५३० च्या सुमारास काम सुरू झालं आणि अर्धवटच राहिलं. सूर्यास्ताला सगळं गाव तिथे जातं.

मुक्कामाबद्दल एक. होरामध्ये कास्त्रोच्या आत, म्हणजे १२०७ नंतर व्हेनिसच्या लोकांनी वसवलेल्या किल्ल्याच्या गल्ल्यांत, घरं सुंदर आहेत. पण गाडी जात नाही. दगडी पायऱ्या, चढ आणि हातात बॅगा. आईबाबांसाठी धक्क्याजवळ किंवा आयिओस येओर्गिओसच्या किनाऱ्याकडे, सपाटीवर घ्या. हॉटेलवाल्याला पोचायची वेळ नाही, जहाजाचं नाव कळवा. तो जहाज नकाशावर बघून गाडी पाठवतो, उशीर झाला तरी गोंधळ होत नाही. किनाऱ्यांच्या बस धक्क्याच्या तोंडापासूनच सुटतात.

सुईदोरा
मग असं ठरवते: ६ पिरेअस मुक्काम, ७ ला सकाळी मोठं जहाज, नंबराच्या खुर्च्या. १३ ला सकाळी नाक्सोस सोडून अथेन्सला मुक्काम, १४ ला विमान. चालेल?

मृगनक्षत्र
चालेल, पण १२ केलंत तर जास्त बरं. १३ ला बंदी लागली आणि ती दीड दिवस टिकली तर १४ पण जाईल. मेल्तेमी एका दिवसात बसत नाही. १० तारखेपासून रोज सकाळी वाऱ्याचा अंदाज पाहायला लागा. १३ ला ८ बोफोर्ट दिसत असेल तर ११ लाच निघायची तयारी ठेवा.

खलाशी_७२
सहमत. १२ चं तिकीट काढा, आणि काढताना ते बदलता येणारं आहे याची खात्री करा. १५ ऑगस्टच्या आधी सगळी गर्दी अथेन्सहून बेटांकडे जाणारी असते, उलट दिशेला त्यामानाने जागा मिळते. परतीला जहाज वाऱ्याकडे तोंड करून जातं, त्यामुळे डोलण्यापेक्षा पुढे-मागे आपटणं जास्त. आईबाबांच्या खुर्च्या नाळेकडच्या दालनात येऊ देऊ नका.

सुईदोरा
१२ पक्कं. दोन्ही तिकिटं आज रात्री काढते.